जन्मजात बहिरेपणा आणि कॉक्लिअर इम्प्लांट : मराठवाड्यात महिने नेमके कुठे वाया जातात?

मांजराकाठ (कान-नाक-घसा तज्ज्ञ, लातूर जिल्हा)

सर्व सहकाऱ्यांना नमस्कार.

गेल्या महिन्यात साडेचार वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली. तिच्या आईने कापड दुकानाच्या पिशवीतून आजवरचे सगळे कागद काढून टेबलावर ओळीने मांडले. पहिला कागद मुलगी अकरा महिन्यांची असतानाचा होता आणि त्यावर लिहिले होते, "थाळी वाजवल्यावर मान वळवते, ऐकू येते." दुसरा दोन वर्षांची असतानाचा होता : "वडीलही उशिरा बोलले होते. सहा महिन्यांनी दाखवा." तिसऱ्यावर जिभेखालचा पडदा कापल्याची नोंद होती. चौथा कागद मागच्याच आठवड्यातला, बेरा तपासणीचा (आवाजाला श्रवणतंतू आणि मेंदू देत असलेला विद्युतप्रतिसाद मोजणारी तपासणी) होता आणि त्यात दोन्ही कानांना ९० डेसिबलपर्यंत काहीही प्रतिसाद नव्हता. यांतला दुसरा कागद माझ्या हस्ताक्षरातला होता. मी सांगितलेले सहा महिने संपले तेव्हा हे कुटुंब ऊसतोडीला गेलेले होते. परत आल्यावर, डॉक्टरांनीच काळजी करू नका म्हटले होते, म्हणून ते पुन्हा आले नाहीत.

हा धागा काढण्याचे कारण तो कागद आहे. आपल्या भागात कॉक्लिअर इम्प्लांटची (श्रवणतंतूंना थेट विद्युतस्पंद देणाऱ्या, शस्त्रक्रियेने बसवायच्या यंत्राची) चर्चा निघाली की ती शस्त्रक्रिया कुठे होते आणि खर्च किती येतो यावरच थांबते. माझ्या अनुभवात मुलाचे खरे नुकसान त्याआधीच झालेले असते, आणि त्या नुकसानीत आपल्या एखाद्या धीराच्या वाक्याचा मोठा वाटा असतो.

थाळीच्या तपासणीबद्दल आधी लिहितो, कारण ती अजूनही सर्वत्र चालते. परवा मी मुद्दाम त्या मुलीच्या आजीला घरी करतात तसे करून दाखवायला सांगितले. आजींनी मुलीच्या मागे उभे राहून थाळीवर चमचा मारला आणि मुलीने खरोखर मान वळवली. मग मी त्यांना चमचा थाळीला न लावता तसाच जोरात हलवायला सांगितला, तरीही मुलीने मान वळवली. खिडकी समोर होती, आजींचा हात हलला की जमिनीवरची सावली हलत होती, आणि मुलगी त्या सावलीकडे पाहून वळत होती. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. बहिरे मूल डोळ्यांनी, त्वचेला लागणाऱ्या वाऱ्याने आणि जमिनीच्या हादऱ्याने जग टिपत असते. शिवाय काही मुलांना जाड, खालच्या पट्टीचे आवाज थोडे ऐकूही येतात, पण 'स', 'श', 'त', 'क' यांसारखी व्यंजने ज्या वरच्या पट्टीत असतात तिथे त्यांना काहीच ऐकू येत नाही. त्यामुळे थाळीला वळणारे मूल बोलणे ऐकते, असा अर्थ काढता येत नाही.

वयाचा मुद्दा आपण सगळे जाणतो, तरी तो पुन्हा लिहितो. मेंदूतील श्रवणाच्या भागाला पहिल्या साधारण साडेतीन वर्षांत ध्वनी मिळाला तर त्याची वाढ जवळजवळ नेहमीच्या वाटेने होते. सातव्या वर्षापर्यंत ध्वनी मिळालाच नाही, तर त्या भागाचा बराच हिस्सा दृष्टी आणि स्पर्श यांच्या कामाला लागतो, आणि नंतर बसवलेल्या इम्प्लांटमधून आवाज पोहोचला तरी त्याची भाषा होत नाही. अमेरिकेत २००० साली बारा महिन्यांच्या आणि २०२० साली नऊ महिन्यांच्या बाळांपर्यंत इम्प्लांटला परवानगी देण्यात आली ती यासाठीच. आपल्याकडे केंद्र शासनाच्या, दिव्यांगांना सहाय्यक साधने देणाऱ्या एडिप योजनेत २०१४ पासून कॉक्लिअर इम्प्लांटचा समावेश आहे आणि मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था त्याचे काम पाहते. मात्र जन्मजात बहिऱ्या मुलासाठी त्यात पाच वर्षांची अट आहे. श्रवणयंत्राची साधारण तीन महिन्यांची चाचणी, सीटी आणि एमआरआय, दिव्यांगत्वाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, लसीकरण, हे सगळे त्या मुदतीत बसवायचे असते. या मुलीकडे सहा महिने उरले आहेत.

आपापल्या भागात मूल कोणत्या पायरीवर अडकते ते इथे लिहावे, अशी विनंती आहे.

श्रवण_नांदेड (श्रवणतज्ज्ञ)

सर, आपण स्वतःचा कागद इथे मांडलात, त्याबद्दल मनापासून आभार. माझ्याकडे मुले अडकतात ती "ओएई पास" या दोन शब्दांवर, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते.

ओएई तपासणीत कानात बारीक आवाज सोडून आतून परत येणारा सूक्ष्म ध्वनी मोजतात. ती कॉक्लियातील, म्हणजे आतल्या कानाच्या शंखासारख्या भागातील, बाहेरच्या केसपेशी काम करतात की नाही एवढेच सांगते. ध्वनीचा संदेश मेंदूकडे जातो तो आतल्या केसपेशींमधून आणि त्यांना जोडलेल्या श्रवणतंतूंमधून, आणि त्या वाटेबद्दल ओएई काहीच बोलत नाही. ज्या बाळाला जन्मानंतर तीव्र कावीळ झाली, ज्याचे रक्त बदलावे लागले किंवा जे जन्मतः रडले नाही, त्याच्या बाहेरच्या केसपेशी शाबूत राहून पुढची वाट बिघडलेली असू शकते. याला आपण ऑडिटरी न्यूरोपॅथी म्हणतो. अशा बाळाची ओएई उत्तम येते आणि बेराचा आलेख सपाट असतो. म्हणून जे बाळ काचेत पाच दिवसांहून अधिक राहिले, ज्याला जेंटामायसिन किंवा अमिकासिन ही प्रतिजैविके दिली गेली, ज्याला मेंदूज्वर झाला किंवा ज्याचे रक्त बदलले, त्याची पहिली तपासणीच बेराने व्हावी, आणि ओएई पास झाली म्हणून बेरा टाळू नये. आई सांगते, "बाळ काचेत होतं, पण फक्त आठ दिवस." त्या "फक्त" या शब्दापाशी मी दरवेळी लिहिणे थांबवून तिला पुढचे सगळे विचारते.

उलटही घडते. सर्दीमुळे मधल्या कानात पाणी साचलेले असेल किंवा नवजात बाळाच्या कानात जन्माच्या वेळचा मळ असेल, तर ऐकू येत असूनही ओएई नापास येते. अशा वेळी घरच्यांना घाबरवू नये, पण पुन्हा तपासणीची तारीख त्यांच्या हातात लिहून द्यावी. एका महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचाराची सुरुवात हा जगभर मानला जाणारा क्रम आहे. आपल्याकडे निदानाला येणाऱ्या बहुतेक मुलांना मी पाहते तेव्हा ती चालू लागलेली असतात.

इम्प्लांटबद्दल पालकांना सांगताना आपल्याच मनात चित्र स्पष्ट असावे, म्हणून थोडे लिहिते. निरोगी कॉक्लियात आतल्या केसपेशी सुमारे साडेतीन हजार असतात. इम्प्लांटमध्ये त्यांच्या जागी कंपनीनुसार बारा ते बावीस इलेक्ट्रोड असतात. कानामागचा प्रोसेसर आवाज टिपतो, त्याचे पट्ट्यांमध्ये विभाजन करतो, आणि चुंबकाने डोक्याला चिकटलेल्या कॉइलमधून त्वचेखालच्या भागाकडे पाठवतो. तिथून विद्युतस्पंद थेट श्रवणतंतूंना दिले जातात. साडेतीन हजारांचे काम बावीस जणांनी करायचे असल्यामुळे सुरुवातीचा आवाज मुलाला अनोळखी असतो. शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन-चार आठवड्यांनी यंत्र पहिल्यांदा सुरू करतात तेव्हा बरीच मुले रडतात. मोबाइलवर पाहिलेल्या चित्रफितीसारखे मूल आईकडे बघून हसेल, या अपेक्षेने आलेले नातेवाईक त्यामुळे हिरमुसतात. त्यांना हे आधी सांगून ठेवणे आपले काम आहे.

फिरते पथक (आरबीएसके वैद्यकीय अधिकारी, बीड जिल्हा)

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यातून, पालघरहून सुरू झाला आणि जन्मजात बहिरेपणा त्याच्या यादीत पहिल्यापासून आहे, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. पण आमची अडचण वेगळ्या प्रकारची आहे. आमचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा जाते. त्यांतली एक फेरी दसऱ्यानंतर पडली, तर आमच्या तालुक्यातील कित्येक गावांत अंगणवाडी जवळजवळ रिकामी असते. कोयते बांधून कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेली असतात, आणि सहा महिन्यांचे बाळ फडाच्या बांधावर झोळीत असते. त्याला हाक कोण मारणार आणि त्याने वळून पाहिले की नाही हे कोण बघणार? ते गावी परत येते तेव्हा वर्षाचे झालेले असते.

मागच्या वर्षापासून मी माझ्यापुरता एक बदल केला आहे. पोळ्यानंतर आणि दसऱ्यापूर्वी, ऊसतोडीला जाणाऱ्या वस्त्यांवरच पहिली फेरी लावतो. शंका आलेल्या मुलाच्या आईचा आणि तिच्या मुकादमाचाही फोन नंबर वहीत लिहून घेतो. मुकादमाला कारखाना आणि फड दोन्ही ठाऊक असतात, त्यामुळे बेराची तारीख मिळाली की निरोप पोहोचतो. उचल घेतलेली असल्यामुळे मधेच कामावरून निघणे कुटुंबाला परवडत नाही, म्हणून तपासणी शक्यतो जाण्याआधीच व्हावी असा माझा प्रयत्न असतो. जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रातून दिवाळीपूर्वीची तारीख मिळवणे हाच सगळ्यांत कठीण भाग आहे.

एक प्रश्न आहे. अंगणवाडीत माझ्याकडे यंत्र नसते. अशा वेळी मी नेमके काय विचारावे आणि काय पाहावे?

मांजराकाठ

डॉक्टर, मुकादमाचा नंबर लिहून घेण्याची पद्धत मी उद्यापासून माझ्याकडेही सुरू करतो. ती मुलगी दोन वर्षांची असताना माझ्याकडे असा नंबर असता, तर तिला सहा महिन्यांऐवजी अडीच वर्षे मिळाली असती.

आपल्या प्रश्नाबद्दल. तीन-चार महिन्यांचे बाळ मोठ्या आवाजाने दचकते किंवा आईच्या आवाजाने रडता रडता थांबते का, सहा-सात महिन्यांचे बाळ न दिसणाऱ्या माणसाच्या हाकेकडे वळते का, वर्षाचे मूल नाव घेतल्यावर बघते का, आणि दीड वर्षाचे मूल हातवारे न करता दिलेली साधी सूचना, "चप्पल आण", "बाबा कुठंय", ऐकते का, एवढे विचारावे. हातवारे न करता हा भाग महत्त्वाचा आहे, कारण आपल्या घरांत बोलताना हात आपोआप हलतो. बहिरी बाळेही सहा महिन्यांपर्यंत हुंकारतात, त्यामुळे "आवाज काढतं की" हे उत्तर पुरेसे मानू नये. सुरू झालेले बोबडे बोल नवव्या-दहाव्या महिन्यात हळूहळू बंद पडले असतील, तर ती मोठी खूण आहे.

यापेक्षाही एक गोष्ट मी वरची मानतो. आईला शंका आली असेल, तर दुसऱ्या कोणत्याही कारणाशिवाय तपासणी करावी. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही पालकांची शंका हा स्वतंत्र धोक्याचा निकष आहे. सासूबाई, शेजारी आणि डॉक्टर असे सगळेच "बोलेल, बोलेल" म्हणत असताना जी आई पुन्हा विचारते, तिचे निरीक्षण शेकडो तासांचे असते आणि आपले पाच मिनिटांचे.

भूल परभणी (भूलतज्ज्ञ)

दोन गोष्टी लिहितो, कारण त्या सुटल्या तर जीवावर बेततात.

जन्मजात बहिऱ्या मुलाला भूल देण्यापूर्वी, आणि बेरासाठी झोपेचे औषध देण्यापूर्वीही, ईसीजी काढून क्यूटी अंतर (हृदयाच्या प्रत्येक ठोक्याच्या आलेखातील एक ठरावीक कालावधी) मोजावे. जर्व्हेल-लांगे-नील्सन या दुर्मीळ आजारात बहिरेपणा आणि लांबलेले क्यूटी अंतर सोबत असतात. अशा मुलाच्या इतिहासात "पळताना पडतं, रडता रडता निपचित होतं, फिट येते" असे सांगितले जाते आणि त्यावर फिटच्या गोळ्या सुरू असतात. नात्यात लग्न झालेल्या घरात याची शक्यता वाढते. कागदाची एक पट्टी काढायला दोन मिनिटे लागतात.

दुसरी गोष्ट इम्प्लांट झालेल्या मुलांबद्दल आहे. ही मुले आता आपल्या गावांत राहतात. उद्या त्यांतल्या एखाद्याचे अपेंडिक्स किंवा हर्निया तालुक्याच्या ठिकाणीच निघेल. डोके आणि मान यांच्या शस्त्रक्रियेत मोनोपोलर कॉटरी (रक्तस्राव थांबवण्याचे विजेचे उपकरण, ज्यात प्रवाह शरीरातून परतीच्या पट्टीकडे जातो) वापरू नये, बायपोलर (ज्यात प्रवाह चिमट्याच्या दोन टोकांमध्येच राहतो) वापरावी. इतर ठिकाणी मोनोपोलर वापरावीच लागली तर परतीची पट्टी अशी लावावी की विद्युतप्रवाह डोक्याच्या दिशेने जाणार नाही. बाहेरचा प्रोसेसर आधी काढून आईकडे द्यावा. मानेला किंवा डोक्याला डायथर्मीचा (विद्युतलहरींचा) शेक देऊ नये. एमआरआय करण्यापूर्वी इम्प्लांटचे ओळखपत्र मागावे आणि त्यावरचे मॉडेल पाहिल्याशिवाय मुलाला यंत्राच्या खोलीतही नेऊ नये. नव्या काही इम्प्लांटमधील चुंबक फिरता असल्यामुळे ३ टेस्लापर्यंत तपासणी चालते, पण जुन्या काहींमध्ये डोक्याला घट्ट पट्टी बांधूनही १.५ टेस्लापर्यंतच करता येते, तर काहींमध्ये चुंबक काढून ठेवावा लागतो.

तेरणा (कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिका, धाराशिव जिल्हा)

मी डॉक्टर नाही, परंतु आपल्याकडून पुढे गेलेली मुले शेवटी माझ्या वर्गात येतात, म्हणून लिहिते.

दोन वर्षांपूर्वी आठ वर्षांचा एक मुलगा शाळेत आला. त्याच्या कानामागे टाक्यांची खूण होती आणि कानावर काहीच नव्हते. आईला विचारले तेव्हा तिने पुढच्या भेटीत स्टीलचा एक डबा आणला. डब्यात कापसात गुंडाळलेला प्रोसेसर होता आणि त्याची वायर कॉइलजवळ तुटलेली होती. वायर तुटून चौदा महिने झाले होते. नव्या वायरची किंमत ऐकून त्यांनी ती पुढच्या हंगामानंतर घेऊ असे ठरवले होते, आणि तोपर्यंत एवढी महागडी वस्तू खराब होऊ नये म्हणून आईने ती जपून ठेवली होती. त्या घरात हलगर्जी कोणाचीच नव्हती. वायर तुटते, वायरही इम्प्लांटचाच खर्च आहे आणि यंत्र बंद असलेला प्रत्येक दिवस मुलासाठी पुन्हा बहिरेपणाचा दिवस आहे, हे त्यांना कोणीही सांगितले नव्हते.

त्या मुलाला मराठी येत नव्हती आणि खुणांची भाषाही येत नव्हती. शस्त्रक्रियेच्या वेळी घरच्यांना खुणा करू नका, नाहीतर मूल बोलणार नाही, असे सांगण्यात आले होते. या सल्ल्याबद्दल माझी तीव्र तक्रार आहे. भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधन-प्रशिक्षणासाठी २०१५ साली दिल्लीत राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले आणि २०२१ साली त्याच्या शब्दकोशात दहा हजार शब्द झाले. ती पूर्ण भाषा आहे. इम्प्लांट होईल तेव्हा होवो, ते चालो किंवा न चालो, तोवर मूल भाषेशिवाय राहू नये. आपल्या धाग्यात आतापर्यंत 'भाषा' म्हणजे फक्त बोलणे असे गृहीत धरले गेले आहे, ते मला मान्य नाही.

मांजराकाठ

मॅडम, आपली तक्रार योग्य आहे आणि ती शस्त्रक्रियेच्या समुपदेशनात आली पाहिजे. बोलण्याचा सराव दिवसभर हवा यावर मी ठाम आहे, कारण इम्प्लांटमधून भाषा यायची तर कानाला काम मिळालेच पाहिजे. पण प्रतीक्षेच्या काळात खुणा बंद करा असे सांगण्याला मलाही आधार दिसत नाही. ज्या मुलाला श्रवणतंतूच नाही किंवा कॉक्लियाच तयार झालेला नाही, हे एमआरआयमध्ये दिसते, त्याला तर इम्प्लांटचा उपयोगच नसतो. त्याच्यासाठी सांकेतिक भाषा हा पहिला मार्ग आहे, आणि तो आपण पालकांना पराभवासारखा सांगू नये.

तुटलेल्या वायरबद्दल वाचून फार वाईट वाटले. पालकांकडून शस्त्रक्रियेची संमती घेताना आता मी वायर, कॉइल, बॅटऱ्या, वॉरंटी संपल्यानंतर प्रोसेसर बदलण्याचा खर्च आणि मॅपिंगच्या (प्रोसेसर मुलाला जुळवून घेण्याच्या) फेऱ्यांचे गाडीभाडे या सगळ्यांचा हिशेब एका कागदावर लिहून देतो. आपल्या मुलांचे मॅपिंग बहुधा पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला असते. आई, वडील आणि मूल अशा तिघांचे येणे-जाणे आणि बुडालेली मजुरी धरली, की पहिल्या वर्षाची रक्कम बघून काही पालक विचार करायला वेळ मागतात. तो वेळ त्यांना द्यावा. अर्धवट सोडलेल्या इम्प्लांटपेक्षा पूर्ण विचाराने घेतलेला नकार मला पटतो.

श्रवण_नांदेड

तेरणा मॅडम, आपल्याकडे इम्प्लांट झालेले मूल असेल तर रोज सकाळी प्रार्थनेनंतर एक मिनिटाची तपासणी करावी. तोंड कागदाने झाकून 'म', 'ऊ', 'आ', 'ई', 'श', 'स' असे सहा ध्वनी सावकाश, मधे कमी-जास्त अंतर ठेवून म्हणावेत आणि ऐकू आला की मुलाने मणी डब्यात टाकावा. खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत बोलण्याचा सगळा पट्टा या सहांत येतो. कालपर्यंत 'स' ऐकणारे मूल आज ऐकत नसेल तर बॅटरी, वायर, मायक्रोफोनची जाळी पाहावी, आणि तरीही नसेल तर मला फोन करावा. तोंड झाकायला हात वापरू नये, त्याने आवाज बदलतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात यंत्र रात्री सुकवण्याच्या डबीत ठेवणेही आवश्यक आहे.

कयाधू (आरोग्यसेविका, हिंगोली जिल्हा)

माझा प्रश्न लसीचा आहे. इम्प्लांट होणाऱ्या मुलाला न्यूमोकोकलची वेगळी लस लागते असे ऐकले. आमच्या नियमित लसीकरणात सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने अशी पीसीव्ही आहेच. ती पुरते का? दुसरे असे की मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरात बहिरे मूल जन्मले की मला बोलायला अवघड जाते. सून आधीच बोलणी खात असते.

मांजराकाठ

ताई, पीसीव्ही पूर्ण झालेली असावी आणि दोन वर्षांनंतर २३ प्रकारांची पॉलिसॅकराइड लसही द्यावी. दोन्हींमध्ये किमान आठ आठवड्यांचे अंतर हवे आणि शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी लसीकरण पूर्ण झालेले चांगले. इम्प्लांट असलेल्या मुलाला जीवाणूंमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचा धोका थोडा अधिक असतो, म्हणून त्याचा कान दुखला, ताप आला, तर घरी थांबवू नये, त्याच दिवशी पाठवावे. उलटीसोबत मान आखडली तर लगेच पाठवावे. मेंदूज्वरानेच बहिरे झालेल्या मुलाबद्दलही एक सांगतो. त्यात कॉक्लियाच्या आत काही आठवड्यांतच हाड धरू लागते आणि मग इलेक्ट्रोड आत जात नाही. म्हणून मेंदूज्वरातून बऱ्या झालेल्या प्रत्येक मुलाची श्रवण तपासणी घरी सोडण्यापूर्वीच करावी.

नात्यातील लग्नाबद्दल मी सुनेला एकटीला कधीच सांगत नाही, नवरा आणि सासू दोघांना समोर बसवून सांगतो. अशा बहिरेपणात बहुधा आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आलेले असते, दोघांचाही वाटा सारखा असतो आणि दोघांनाही स्वतः नीट ऐकू येत असते. जीजेबी२ हे जनुक त्यांत सर्वाधिक आढळते. पुढच्या प्रत्येक बाळाला हीच शक्यता चारांत एक असते, म्हणून पुढच्या बाळाची तपासणी पहिल्याच महिन्यात करायची, एवढे मी स्पष्ट करतो. या मुलांची कॉक्लिअर इम्प्लांटनंतरची प्रगती सहसा चांगली असते, हेही त्याच बैठकीत सांगतो, म्हणजे सुनेकडे पाहण्याची नजर बदलायला थोडी मदत होते.

दुधना (जनरल प्रॅक्टिशनर, जालना)

मुलांची चर्चा चालू असताना मोठ्यांचा विषय काढतो, क्षमा असावी. माझ्याकडे रोलिंग मिलमधील ४८ वर्षांचे कामगार आहेत. दोन्ही कान लहानपणापासून वाहतात, दोन्हींची शस्त्रक्रिया झाली आहे, श्रवणयंत्र लावले की पुन्हा पू येतो. यांना इम्प्लांटपैकी काही शक्य आहे का?

मांजराकाठ

आहे, आणि आपण विषय काढलात ते बरे झाले, कारण इम्प्लांट म्हणजे फक्त कॉक्लिअर असा समज आपल्यातही आहे. यांची हाडातून ऐकण्याची पातळी ऑडिओग्राममध्ये (श्रवणपातळीच्या आलेखात) पाहा. ती चांगली असेल तर बिघाड मधल्या कानात आहे आणि कॉक्लिया काम करतो आहे. अशा रुग्णाच्या कानामागच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यातून कंपने थेट आतल्या कानाला देता येतात. स्वीडनमधील गोटेनबर्ग येथे १९७७ साली याची सुरुवात झाली. दातांच्या रोपणात टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हेच तत्त्व इथे वापरले आहे. त्वचेतून काहीही बाहेर न येणारे नवे प्रकारही आहेत. कानाची नळी मोकळी राहत असल्यामुळे श्रवणयंत्राच्या साच्याने होणारा ओलावा टळतो. पण आधी रोग पूर्ण काढून कान कोरडा झालेला हवा. शस्त्रक्रिया करण्यापूर्वी डोक्याला पट्ट्याने बांधायचे हाड-वहन यंत्र काही दिवस वापरून पाहता येते, त्यावरून रुग्णाला स्वतःलाच फायदा कळतो.

त्यांच्या कामाच्या जागेचा आवाजही विचारा. कारखान्यांसाठी आठ तासांची मर्यादा ९० डेसिबल आहे, आणि आवाजाने केसपेशी मेल्या असतील तर हाडातील पातळीही खाली आलेली दिसेल. मोठ्या माणसाला चांगल्या कानात ६० डेसिबल किंवा त्याहून अधिक नुकसान असेल आणि शब्द ओळखण्याचे प्रमाण ६० टक्के किंवा त्याहून कमी असेल, तर कॉक्लिअर इम्प्लांटसाठी तपासायला पाठवावे, असा सोपा निकष आता वापरतात. मोठेपणी बहिरे झालेल्यांना भाषा आधीच येत असते, म्हणून वय साठ-सत्तर असले तरी त्यांना चांगला लाभ होतो.

आणखी एक. एका रात्रीत एक कान बंद झाला असे सांगणाऱ्याला मळ किंवा सर्दी समजून थेंब देऊन पाठवू नका. कानाचा पडदा स्वच्छ दिसत असेल तर त्याच दिवशी ऑडिओग्राम करवून घ्या, कारण स्टिरॉइडचा सर्वाधिक उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत होतो.

फिरते पथक

सर, त्या साडेचार वर्षांच्या मुलीचे पुढे काय झाले?

मांजराकाठ

श्रवणयंत्राची चाचणी सुरू आहे. सीटीमध्ये कॉक्लियाचे अडीच वेढे दोन्ही बाजूंना नीट दिसतात, एमआरआयमध्ये श्रवणतंतू आहेत, ईसीजी सामान्य आहे. दिव्यांगत्वाचा दाखला मागच्या गुरुवारी मिळाला. वडिलांनी या हंगामाची उचल घेतलेली नाही. उत्पन्नाचा दाखला तहसीलमध्ये आहे आणि तो आणायला सोमवारी मी स्वतः त्यांच्यासोबत जाणार आहे. तोवर आजी तिला रोज दोन तास घेऊन बसतात, भाकरीचे पीठ, पाणी, काठवट, तवा असे एकेक हातात देत नाव घेतात. तेरणा मॅडमनी पाठवलेल्या सांकेतिक भाषेच्या चित्रफिती आई मोबाइलवर बघते, आणि परवा मुलीने तपासणीच्या खोलीत माझ्याकडे पाहून 'पाणी' ही खूण केली.